लाल फडकं आणि चावी

आमच्या बाबांच्या गॅरेजमध्ये दुरुस्तीला आलेल्या गाडीची चावी आईकडे असते. इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचा पाईप काढला की आत काही पडू नये म्हणून बाबा त्याच्या तोंडात लाल फडकं कोंबतात. ते आत राहून गाडी चालू झाली, तर टर्बोचे बारा वाजलेच. म्हणून काम संपलं की फडकं आईच्या हातात, मगच चावी बाबांच्या हातात.

परवा एका मास्तरांची डिझेल गाडी आली. चढावर धापा टाकायची, शिट्टी मारायची. टर्बोचा हवेचा पाईप चिरला होता. बाबांनी नवा बसवला, क्लिपा आवळल्या आणि ऐटीत लाल फडकं आईपुढे टाकलं.

"हे माझं ओट्याचं आहे," आई म्हणाली. दोन्ही फडकी एकाच जुन्या पडद्याची.

"तीस वर्षं हेच करतोय मी! मला शिकवतेस?"

आईने चावी कमरेला खोचली. बाबा बडबडत गेले, पाईप पुन्हा काढला. आत दुसरं फडकं आरामात बसलेलं! पण चुकलो म्हणायला बाबांची जीभ कधी रेटत नाही.

"एवढा उशीर?" मास्तरांनी विचारलं.

बाबांनी छाती फुगवली. "आमच्याकडे मोठ्या साहेबांनी पास केल्याशिवाय गाडी सुटत नाही."