सानीच्या गोष्टीला हुंकार

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो. गराजमधल्या खोक्यांसारखे ते साचत जातात, आणि एक काढायला गेलं की बाकीचे अंगावर येतात! इथे परदेशात, आमच्या चँडलर शहरातल्या रिटायर्ड मंडळींचे पूर्वीचे किस्से ऑफिसातले असायचे. हल्लीचे सगळे एका केअर होमच्या एकाच खोलीतले. त्या खोलीत आमचा सानी असतो.

सानी नायजेरियातल्या कानोचा. कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात मी, शशी आणि पाटणकर, आम्ही तिघांनी त्याच्याबरोबर उभा जन्म काढला. क्लीनरूममध्ये डोक्यापासून पायापर्यंत पांढरे सूट, नुसते डोळे उघडे. तेवढ्या डोळ्यांवर सानी अख्खी लाइन हसवायचा. मग त्याला विसरण्याचा आजार झाला. आधी नावं गेली, मग रस्ते गेले, शेवटी इंग्लिशही गेलं. उरली फक्त त्याची हौसा भाषा, आणि आम्हाला तिचं अक्षर कळत नव्हतं.

*

त्याची मुलगी हलिमा एका हॉस्पिटलात नर्स आहे. एका शनिवारी तिने आम्हाला बाहेर बसवलं आणि सांगितलं, "बाबा बोलत राहिले तरच जेवतात. गप्प झाले की घास थुंकतात. मला रोज यायला जमत नाही. तुम्ही त्यांना बोलतं ठेवाल?"

"पण आम्हाला काही कळत नाही गं," मी म्हटलं.

"कळायची गरज नाही, आंटी. फक्त चकित व्हा!"

आपल्याकडे गोष्टीला हुंकार देतात, 'हं' म्हटलं की भागतं. हौसात तसं चालत नाही म्हणे. ऐकणारा थक्क झाला नाही, तर सांगणाऱ्याचा अपमान! म्हणून आमचा क्लास सुरू झाला. नवल वाटलं की 'काइ!' भलतंच काही कळलं की 'अशे!' छे, काहीतरीच काय, असं वाटलं की 'हाबा!' आणि तोंडात बोट घालायची वेळ आली की 'तब्दीजान!'

शशी नागपूरचा. तो म्हणाला, "काइ तर आपण जन्मल्यापासून म्हणतोय ना बे, एक शब्द फ्री मिळाला!"

*

अडचण होती पाटणकरांची. हा माणूस आयुष्यात चकित झालेला नाही. पुण्याचे आहेत, पण तेवढंच कारण नसावं. मुलाने परस्पर लग्न केल्याचा फोन आला, तेव्हा म्हणाले, "अंदाज होताच." बायकोचा रिपोर्ट हातात आला, तेव्हाही, "शंका होती मला." त्या गेल्या त्या दिवशी आम्ही घरी गेलो, तर दार उघडून म्हणाले, "तुम्ही याल हे माहीत होतं."

हलिमाने त्यांना एक शब्द दिला. पाटणकर चष्मा पुसून, हजेरीला 'उपस्थित' म्हणावं तसं म्हणाले, "अशे."

"अंकल, भुवया वर!"

"त्या वरच आहेत," पाटणकर म्हणाले. नव्हत्या.

*

शशीचं उलट. पहिल्याच शनिवारी सानीने दोन वाक्यं बोलून जरा श्वास घेतला, आणि शशी खुर्चीतून उठून ओरडला, "तब्दीजान!"

शेजारच्या खोलीतल्या आजीबाईंनी घाबरून बेल दाबली. नर्स ब्लडप्रेशरचं मशीन घेऊन धावत आली आणि तिने शशीलाच धरून बसवलं. प्रेशर खरोखरच वाढलेलं निघालं! आणि सानी हसला. कित्येक महिन्यांनी हसला, आणि हसता हसता वाटीभर सूप प्यायला. त्या दिवशी पार्किंग लॉटमध्ये शशी उन्हात तापलेलं स्टिअरिंग निवायची वाट बघत बसला होता. त्याचे डोळे पुसायचे थांबत नव्हते. आम्ही उन्हाला नावं ठेवली.

*

तरी कळणार कसं, कुठे काय म्हणायचं ते? इंजिनीअर लोक आम्ही, पद्धत बसवली. सानी सांगायचा ती गोष्ट एकच असावी, कारण हातवारे तेच असायचे. त्याने खिडकीकडे हात केला की 'अशे'. आवाज खाली आणला की 'हाबा'. दोन्ही हात पाण्यात मारल्यासारखे हलवायला लागला की 'काइ, काइ'. आणि शेवटी गुडघ्यावर थाप पडली की तिघांनी मिळून 'तब्दीजान!' मग सानी राजासारखा मागे टेकायचा आणि आ करायचा. मी चमचा पुढे करायचे. इतकं सुरळीत चाललं होतं सगळं.

*

सवय अशी वाईट! सांगलीहून माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. नेहमीचंच, टाकीला पाणी नाही, सून बोलत नाही. मी भाजी चिरत ऐकत होते. तोंडातून निघून गेलं, "अशे!" मग "हाबा!" ती बोलतच राहिली. शेवटी म्हणाली, "ताई, तू हल्ली किती ऐकतेस गं. इथं कुणी ऐकत नाही." फोन ठेवल्यावर मला फार वाईट वाटलं, कारण मी नीट ऐकलं नव्हतं.

*

आणि हा शेवटचा.

एका शनिवारी हलिमा लवकर आली आणि मागे उभी राहून ऐकू लागली. गोष्ट संपली, थाप पडली, आम्ही तिघे गरजलो. वळून बघते तर पोरगी भिंतीला टेकून रडत होती.

बाहेर तिने सांगितलं. गोष्ट तिच्या भावाची, यूसुफची होती. पुराच्या दिवसांत मित्रांच्या पैजेवर त्याने नदीत उडी मारली. नऊ वर्षांचा होता. "बाबा सांगतात की तो पोहत पलीकडे गेला, परत आला आणि आईला म्हणाला, भूक लागली." ती थांबली. "अंकल, तो परत आला नाही. बाबांनी घरात कधी त्याचं नावही काढलं नव्हतं. तुम्ही चालू ठेवा. प्लीज."

शशी आणि मी हो म्हणालो. पाटणकर चष्मा पुसत राहिले.

पुढच्या शनिवारी ते पांढरा शर्ट घालून आले. "कळल्यावर भेटायला जायचं असतं, सुधाताई," एवढंच म्हणाले. किती का वर्षं झालेली असेनात, आपल्यात बातमी कळली की भेटायला जायचं, ही रीत. ती मला मोडवेना. पुढे काय होणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

सानीची गोष्ट सुरू झाली. खिडकी झाली, पाणी झालं. थाप पडली. शशीने आणि मी पाटणकरांकडे बघितलं. पाटणकर उठले, हात जोडले, आणि कुठल्याशा व्हिडिओवरून पाठ केलेलं सांत्वनाचं वाक्य म्हणाले, "अल्लाह या जिकान्सा." देव त्याच्यावर दया करो. आणि हा माणूस, जो बायकोच्या वेळी रडला नव्हता, तो हमसून हमसून रडायला लागला.

सानी बघत राहिला. मग पुढे वाकून त्याने पाटणकरांचा हात धरला आणि काहीतरी विचारलं. पाटणकरांना काय कळणार? त्यांनी मान हलवली. सानीने हळूच आणखी काही विचारलं.

दारात हलिमा उभी होती.

"बाबांनी विचारलं, तुमचा मुलगा गेला का? तुम्ही हो म्हणालात. आता विचारतायत, केवढा होता?"

पाटणकरांनी सानीच्या हातावर आपला दुसरा हात ठेवला.

"नऊ वर्षांचा," ते म्हणाले.