शिक्का नसलेल्या फळ्या

१६ नोव्हेंबर, रविवार. रज्जाकभाईंची शेड दुसऱ्या दिवशी मालकाला रिकामी करून द्यायची होती, म्हणून त्यांची मुलगी रुबीना आणि मी सकाळपासून फळ्या बाहेर काढत होतो. रज्जाकभाईंना जाऊन तीन आठवडे झाले. बातमी आली तेव्हा मी स्टुलांना पॉलिश पेपर मारत होते. हात धुतले आणि पिंपळे गुरवला त्यांच्या घरी गेले. आदल्याच दिवशी ते माझ्याकडे चहा पिऊन, साखर कमी म्हणून कुरकुरून गेले होते...

भोसरीत आमच्या शेडची भिंत एकच. चाकणच्या कंपन्यांत परदेशातून मशिनं येतात ती लाकडी खोक्यांतून. मशिन आत जातं, खोकं भंगारात. रज्जाकभाई ती खोकी उचलायचे, मोडायचे, खिळे उपसून फळ्या मला द्यायचे. "कंपनीला मशिन, बाकी सगळा परदेश माझ्याकडे," असं त्यांचं म्हणणं. त्या फळ्यांतून मी भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कामगारांसाठी खाटा, मांडण्या, स्टुलं करते.

पण प्रत्येक फळी ते मला देत नसत. खोक्यावर एका बाजूला शिक्का डागलेला असतो. कीड लागू नये म्हणून लाकूड तापवलं असेल तर एक, विषारी वायूची धुरी दिली असेल तर दुसरा. चाकणच्या एका स्टोअरकीपरने हे त्यांना एकदा समजावलं, ते त्यांनी कायमचं धरलं. धुरीचं लाकूड घरात नाही, चुलीत तर नाहीच. त्याची झाडांभोवतीची कुंपणं व्हायची. दोन लाकडांचे दोन ढीग, मध्ये चालायला वाट.

सुरुवातीला मला हा सोवळेपणा वाटायचा. एका अंगणवाडीची बाकं करायची होती. घाईत मी दोन्ही ढिगांतल्या फळ्या उचलल्या आणि सगळ्यांना रंधा मारला. बाकं झाल्यावर रज्जाकभाई बघायला आले.

"ताई, ह्यातली धुरीची कुठली?"

"आता काय कळणार? शिक्के गेले रंध्यात. दोन-चारच असतील."

"असतील. त्या दोन-चारांवर कोणाची पोरं बसवायची ते सांगा, मी यादी करतो."

आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी मात्र तिसऱ्याच दिवशी चांगल्या फळ्या पाठवल्या. बाकं मी पुन्हा केली. पहिली बाकं रिक्षा स्टँडवर, उघड्यावर गेली.

रविवारी शेडमध्ये मधली वाट नव्हती. रुबीनाने टेम्पोला जागा व्हावी म्हणून दोन्ही ढीग एकत्र लावून टाकले होते. "मावशी, मला वाटलं लाकूड म्हणजे लाकूड. बेकरीवाले उद्या सकाळी सगळं भट्टीसाठी नेणार आहेत." ती बँकेत काम करते. तिला कोण सांगणार होतं?

आम्ही एकेक फळी उलटून पाहिली. शिक्का दिसला ती आपापल्या बाजूला. संध्याकाळी कमरेएवढा ढीग उरला, ज्यावर कसलाच शिक्का नव्हता. शिक्का एकाच बाजूला, त्यामुळे खोकं मोडलं की बहुतेक फळ्या कोऱ्याच निघतात; कुठली कशातली, ते मोडणाऱ्यालाच माहीत. मला एका शाळेच्या मांडण्या महिनाअखेर द्यायच्या होत्या आणि लाकूड तर समोर पडलेलं. खरं सांगते, मी मनात मापं धरायला लागले होते.

"अब्बांनी काय केलं असतं?" रुबीनाने विचारलं.

"माहीत नाही म्हणजे धुरीची."

"सगळ्या? अब्बांनी स्वतः मोडलेल्या खोक्यांचा शेवटचा ट्रक आहे हा. कुंपणाला घालायचा?"

"कुंपणालाच."

तिने वरची फळी उचलून धुरीच्या बाजूला ठेवली. मग म्हणाली, "बेकरीवाल्यांशी तुम्ही बोला. ते माझं ऐकणार नाहीत."

सोमवारी सकाळी मी बेकरीवाल्यांना टेम्पो पाठवू नका म्हणून सांगितलं. चिडले. शाळेला मांडण्या उशिरा मिळतील असं कळवलं, तिथेही बोलणी खाल्ली. कोऱ्या फळ्या आणि धुरीच्या, दोन्ही कुंपणांसाठी रोपांच्या नर्सरीत पाठवल्या, चांगल्या माझ्याकडे ठेवल्या, मालकाला किल्ली दिली आणि चाकणची बस धरली. कंपनीच्या गेटवर सांगितलं, यापुढे रज्जाकभाईंच्या जागी खोकी मी नेणार.

"बाई, न्यायला सोपं पडेल," तिथला माणूस म्हणाला, "मोडून देऊ का?"

"नको," म्हटलं. "अख्खीच द्या."