परत आल्यावरचे चार आठवडे

चाकणच्या ज्या कंपनीत मी पॅकिंगची मशिनं जोडतो, तिथून आम्हाला अधूनमधून परदेशी पाठवतात. मशीन तिथं पोचलं की ते बसवून, चालू करून द्यायला माणूस लागतो. पश्चिम आफ्रिकेत पहिल्यांदा मी गेलो. दुसऱ्या वर्षी माझा मित्र गेला. तो लातूरकडचा. भोसरीत एका खोलीत आम्ही दोघांनी सहा वर्षं काढली होती. पुढं त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, मी चिखलीला राहायला गेलो. तरी डबा आम्ही एकत्रच खायचो.

तिकडं जायचं तर पिवळ्या तापाची लस घ्यावीच लागते, तिच्या कार्डाशिवाय सोडत नाहीत. ती त्यानं घेतली. मलेरियाच्या गोळ्या मात्र कुणी तपासत नाही. तिथं असेपर्यंत रोज एक, आणि परत आल्यावरही चार आठवडे.

डबा खाताना त्यानं विचारलं, "तू घेतल्या होत्या का रे या गोळ्या?"

"चार दिवस घेतल्या. पोटात नुसती जळजळ. दिल्या सोडून," मी म्हणालो. "मला काय झालं? इथं काय डास कमी चावतात का राव?"

तो हसला. टेबलावरचे सगळेच हसले. मी बोललो आणि विसरून गेलो.

महिनाभरानं तो परत आला. कामावर रुजू होऊन आठवडा झाला असेल, लाइनवर उभ्या उभ्याच त्याला हुडहुडी भरली. मी त्याला गाडीवर मागं बसवून भोसरीतल्या दवाखान्यात नेलं. त्या दिवसांत घरोघरी ताप होता, बाकावर बसायला जागा नव्हती. डॉक्टर व्हायरल म्हणाले, तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या. आपण नुकतेच आफ्रिकेतून आलोय, एवढं सांगायचं त्याला सुचलं नाही. मी शेजारीच उभा होतो. मलाही सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या बायकोचा फोन आला. "भाऊजी, हे कायबी बोलायलेत. लेकीला ओळखंना गेलेत."

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "गेल्या महिन्यात हे कुठे बाहेर गेले होते का?"

मी सांगितलं. त्यांनी केसपेपरवर देशाचं नाव लिहिलं. मग म्हणाल्या, "हे पहिल्या दिवशी कळायला हवं होतं."

मलेरिया मेंदूपर्यंत गेला होता. पाचव्या दिवशी सकाळी तो गेला. चौतीस वर्षांचा होता.

तेराव्यानंतर मी त्यांच्या घरी गेलो. त्याची बायको त्याचे कपडे पिशवीत भरत होती. मीही खाली बसून घड्या घालून द्यायला लागलो. शेवटी म्हणालो, "वहिनी, गोळ्या घेऊ नको असं मीच बोललो होतो त्याला."

तिचे हात थांबले नाहीत. "माहीत हाय मला," ती म्हणाली. "बॅगेत ठेवलेली पाकिटं तशीच परत आली. मी भांडले त्यांच्याशी. तर म्हणले, तो जाऊन आलाय, त्याला काय झालं?" एक शर्ट पिशवीत दाबत म्हणाली, "लई विश्वास हुता तुमच्यावर."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला सोसलं असतं.

महिन्याच्या आत ती मुलीला घेऊन माहेरी गेली. सुरुवातीला मी फोन करायचो. तिचा भाऊ उचलायचा, बऱ्या आहेत म्हणायचा. पुढं फोन उचलणं बंद झालं. मी कुठल्या तोंडानं तक्रार करणार?

गेल्या महिन्यात आमच्यातला आणखी एक जण तिकडं निघाला. मी त्याला कँटीनमध्ये बसवून घेतलं. मच्छरदाणी, संध्याकाळी पूर्ण बाह्यांचा शर्ट, गोळ्या जेवणानंतर, मळमळलं तरी सोडायच्या नाहीत. आणि परत आल्यावर नुसती कणकण वाटली तरी डॉक्टरला आधी देशाचं नाव सांगायचं. तो हो हो म्हणत होता, नजर मोबाइलमध्ये. मी त्याच्या हातातला मोबाइल काढून घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.