डाव्या आट्यांचा व्हाइस

ते प्रकरण मी विसरलेलो नाही. विसरण्याचा प्रयत्नही केलेला नाही.

महाराष्ट्र पोलीस दलातून निरीक्षक म्हणून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर मी सौदी अरेबियात अबकैकजवळच्या एका कंत्राटी कंपनीत सुरक्षा अधिकारी म्हणून रुजू झालो. कारखाना, भांडार आणि कामगारांची छावणी एवढे माझे क्षेत्र. काम ठाण्यासारखेच होते. सकाळी हजेरी, गेटची नोंदवही, संध्याकाळी फेरी. फरक इतकाच की अटकेचा अधिकार मला नव्हता. गुन्हा दिसला की कागद तयार करून शुर्त्यांकडे, म्हणजे तिथल्या पोलिसांकडे द्यायचा.

सौदीकरणाची ती वर्षे. परदेशी माणसांच्या जागी स्थानिक माणसे घेण्याचे आदेश येत होते. दर महिन्याला फलकावर परत जाणाऱ्यांच्या नावांची यादी लागे. यादीसमोर कोणी मोठ्याने बोलत नसे.

कारखान्याचे व्यवस्थापक पुण्याचे इंजिनिअर होते. त्यांचेही नाव त्या वर्षी यादीत आले होते. त्यांना एक छंद होता. जुने व्हाइस जमवणे. व्हाइस म्हणजे फिटरच्या बाकावर बसवलेली लोखंडी पकड. दांडा फिरवला की जबडे आवळतात. छोटे वर्कशॉप भराभर बंद पडत होते आणि त्यांची हत्यारे भंगारात येत होती. व्यवस्थापक दर शुक्रवारी दम्मामच्या भंगार बाजारात जात. त्यांच्या केबिनमध्ये अकरा व्हाइस मांडलेले होते.

एकदा त्यांनी मला पारख शिकवली. "रंगावर जाऊ नका. रंग तडा लपवायला असतो. हातोडीने हलकेच टिचकी मारा. घंटेसारखा वाजला तर अंग शाबूत. बद्द वाजला तर सोडून द्या. मग स्क्रूचे आटे बघा. जुन्या कामात आटे चौकोनी असतात." मग त्यांनी एका मध्यम आकाराच्या, काळपट व्हाइसवर हात ठेवला. "आणि हा आमचा राजा. फिरवा."

मी दांडा उजवीकडे फिरवला. जबडे आवळण्याऐवजी उघडले.

"डावे आटे," ते हसले. "जगात सगळे उजवीकडे आवळतात, हा डावीकडे. असा दुसरा मी पाहिला नाही. कुणा डावखुऱ्या कारागिराने मुद्दाम घडवून घेतला असणार."

पंधरा दिवसांनी तोच व्हाइस केबिनमधून नाहीसा झाला.

व्यवस्थापकांनी लेखी फिर्याद दिली. वजन, रंग, जबड्याची रुंदी, तळाला बोल्टची चार भोके, डावे आटे. मी ती माझ्या हाताने नोंदवहीत उतरवली. दुसऱ्या दिवशी गेटवरच्या पहारेकऱ्याने खबर दिली.

"साब, बुरा मत मानना. फिटर चाचा पिछले हफ्ते पीठ पे बोरा लेके कॅम्प में गया. मैंने पूछा क्या है, बोला मेरी जवानी है. कमर झुक गई थी उसकी."

हा फिटर रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा. सत्तावीस वर्षे सौदीत. वयाने मोठा म्हणून सगळे त्याला चाचा म्हणत, मीही म्हणत असे. त्याचेही नाव यादीत होते; दोन महिन्यांत तो कायमचा परतणार होता. जाण्यापूर्वी त्याची एकच इच्छा होती, आणि ती छावणीत सर्वांना ठाऊक होती. त्याची बायको भावाबरोबर, गावच्या जथ्यातून उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला, येणार होती. हा मक्केला जाऊन तिला भेटणार आणि दोघे मिळून उमरा करणार. सत्तावीस वर्षांत ते जमले नव्हते. कधी रजा नव्हती, कधी तिचे बाळंतपण, कधी सासूचे आजारपण. जथा नऊ दिवसांवर आला होता.

दोन पंचांसमोर मी त्याच्या खोलीची झडती घेतली. खाटेखाली गोणपाटात व्हाइस मिळाला. हिरवा रंग दिलेला होता, पण रंगावर जायचे नाही हे मला शिकवलेले होते. दांडा फिरवून पाहिला. डावे आटे.

पंचनामा केला, मुद्देमाल कार्यालयात आणला आणि चौकशीला बसलो. मला एक युक्ती सुचली होती. व्हाइस टेबलाला बसवला, चाचाच्या हाती पाइपचा तुकडा दिला आणि म्हणालो, "हा पकडून दाखवा." उजवीकडे फिरवायची सवय जन्माची असते. चाचाचा हात विचार न करता डावीकडे गेला. ही वस्तू त्याच्या हाताखालची होती हे सिद्ध झाले. मला समाधान वाटले.

त्या दिवशी मी त्याच्याशी पहिल्यांदा एकेरीत बोललो.

"उचललास की नाही, एवढंच सांग."

"उचललाय, साहेब. पण..."

"पण-बिण नंतर. उचललास?"

"होय. उचललाय. मी कुठं न्हाय म्हणतोय?"

तीस वर्षे मी 'उचलणे' हा शब्द एकाच अर्थाने ऐकला होता. आमच्या खात्यात पाकीट उचलतात, मोटारसायकल उचलतात, आणि मग आम्ही आरोपी उचलतो. मी इंग्रजीत जबाब लिहिला: मी वस्तू घेतली. कंपनीच्या दुभाष्याने अरबीत लिहिले: मी चोरली. मी म्हटले, "सही कर." त्याने केली. साहेब लिहितात ते बरोबरच असणार, असे मानणारा तो माणूस होता.

शुर्ते त्याला घेऊन गेले. कार्मिक विभागाने त्याच आठवड्यात त्याचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द करायला दिला. यादीतले एक नाव आपोआप कमी झाले, असे एक अधिकारी माझ्यासमोर म्हणाला.

सत्ताविसाव्या दिवशी व्यवस्थापक माझ्याकडे आले. दार लावून घेतले.

"घरचं सामान मी आधीच पुण्याला पाठवलं होतं ना? परवा पेट्या पोचल्या. बायकोचा फोन आला. म्हणते, भांड्यांच्या पेटीत हे लोखंडाचं धूड कशाला घातलंत, माझे दोन डबे चेपले."

मी त्यांच्याकडे खुर्ची सरकवली.

"पॅकिंगवाल्यांनी केबिनमधून उचललं असणार. मी साइटवर होतो. आता काय करायचं? खोटी फिर्याद दिली म्हणून मलाच..."

"फोन परवा आला," मी म्हणालो. "आज सांगताय?"



मी नोंदवही काढली. फिर्यादीत तळाला चार भोके. माझ्या पंचनाम्यात तीन. दोन्ही नोंदी माझ्याच अक्षरात, मध्ये एकच पान. मी ते पान उलटून पाहिले नव्हते.

चाचाला एव्हाना तरहीलमध्ये, म्हणजे हद्दपारीच्या कोठडीत हलवले होते. जाळीपलीकडे तो उभा राहिला. दाढी वाढलेली. मी विचारले, "चाचा, तो व्हाइस तुम्ही कुठून उचलला?"

"भंगारातनं, साहेब. दम्मामला माझं पहिलं वर्कशॉप होतं ना, ते मोडलं. पोरं म्हणाली, चाचा, काय हवं ते ने. तो व्हाइस मीच दुरुस्त केलेला. स्क्रू मीच कापला लेथवर. नवीन होतो, गिअर उलटा लागला, आटे डावे पडले." तो किंचित हसला. "फोरमन म्हणाला, गाढवा, आता दुसराही तसाच काप, निदान जोडी तरी जुळेल. दोन व्हते तसले. दुसरा कुणी नेला ठाऊक न्हाय."

दुसरा पुण्यात, भांड्यांच्या पेटीत होता. व्यवस्थापक ज्याला राजा म्हणत, ती या माणसाच्या हातून झालेली चूक होती. त्यांनी चाचाला एकदा केबिनमध्ये बोलावून तो दाखवला असता, तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. पण फिटर केबिनमध्ये जात नसत.

"हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"सांगत व्हतो. तुम्ही म्हणालात, नंतर." मग त्याने विचारले, "साहेब, जथा हाय का अजून मक्केत?"

जथा चार दिवसांपूर्वी परतला होता. मी ते सांगितले. त्याने जाळी सोडली आणि तो आत गेला.

मी दोन्ही नोंदी घेऊन ठाण्यात गेलो. तिथला अधिकारी सभ्य होता. त्याने कागद वाचले, चोरीचा गुन्हा काढून टाकला. पण इकामा रद्द झालेला, कफील, म्हणजे त्याची हमीदार, म्हणून कंपनी हात वर करून मोकळी. "तो चोर नाही," तो म्हणाला, "पण त्याचा इथे राहण्याचा कागदही नाही. खलास." बोटांचे ठसे घेऊन चाचाला विमानात बसवले. असा ठसा पडलेल्या माणसाला पुन्हा व्हिसा मिळणे कठीण असते.

नोकरी सोडून परतल्यावर मी खाडीकाठी त्याच्या घरी गेलो. चाचा अंगणात जाळे विणत बसला होता. "या साहेब," एवढेच म्हणाला. बोलली ती त्याची बायको.

"चौदा दिवस व्हते मी तिथं. रोज भावाला म्हणायची, आज येतील. काब्याभोवती फेऱ्या मारताना माणसांची तोंडं बघत राहिले. इबादतीत ध्यान कुठलं?" मग ती जवळ आली. "साहेब, तुम्ही लिहून दिलंत म्हणून गेले ना हे आत? मग आता लिहून द्या की, यांचा काय गुन्हा नव्हता. परत जायला सोडतील."

मी तिथेच बसून लिहिले. मराठीत, इंग्रजीत, पुढे अरबीतही करून घेतले. ते कागद दूतावासात गेले, एजंटकडे गेले. कोणत्याही खिडकीवर चालले नाहीत.

पोलिसाला पुरावा लवकर सापडतो, कारण तो शोधत असतो. मला सापडलेला पुरावा खरा होता. हाताची सवय खरी होती, कबुलीही खरी होती. मी माणसाला त्याचे वाक्य पुरे करू दिले नाही, एवढीच चूक. खात्यात अशा चुकीला नाव नाही, म्हणून तिला शिक्षाही नाही. नवीन अधिकारी सल्ला विचारतात तेव्हा मी सांगतो: 'पण' हा शब्द आला की लेखणी खाली ठेवा.

तिसऱ्या वर्षी चाचा वारला. त्यानंतर त्याची बायको पुन्हा मक्केला गेली आणि त्याच्या नावाने उमरा करून आली. परतल्यावर तिने भावाकडून मला फोन करवला. निरोप एका वाक्याचा होता: यांचा उमरा झाला, आता कागदाची गरज नाही.