शीतलचा डबा, माझा डबा आणि सोनाळ्यातले दोन दिवस

खरं सांगते, सोनाळ्याला मी फिरायला गेलेच नव्हते. जावेचं पितळ उघडं पाडायला गेले होते.

झालं असं, की माझ्याकडे हजार वॉट-अवरचं पॉवर स्टेशन, म्हणजे वीज साठवणारा बॅटरीचा डबा, आहे. तंबूतल्या सहलींसाठी हौसेनं घेतलेलं. धाकटी जाऊ शीतल सोनाळ्यात ब्लाउज शिवते, तिच्याकडे याच्या निम्म्या क्षमतेचा डबा. पण फोन केला की सासूबाईंचं एकच, "शीतलचा डब्बा दिवसभर पुरते माय!" माझा दुपारीच मान टाकतो. अंगाचा नुसता तिळपापड!

आधी माझा मोजला. भिंतीतल्या प्लगमधून घेतले ११८० वॉट-अवर, परत दिले ८४०. शंभरातले एकाहत्तर! वर काही न जोडता नुसता चालू ठेवला तर तासाला वीस स्वतःच गिळतो. ही खादाडी मोजायला मी त्याची आपोआप बंद होण्याची सोय काढून टाकली होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

शनिवारी सकाळी निघाले. खामगाव ते शेगाव, तिथून वरवट बकाल, मग सोनाळा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, सुटे जवळ ठेवा. वरवट बकालला गरम कचोरी खा, तळलेली मिरची मात्र मागून घ्यावी लागते. पुढे संत्र्याच्या बागा लागतात आणि त्यांच्या मागे सातपुडा. माझा डबा मांडीवर होता, घरी वापरून साठ-सत्तर टक्के उरलेला. शेजारच्या आजी म्हणाल्या, "काय हाय वं त्यात? लई जड दिसते."

"वीज आहे, आजी."

"मंग उतर सोनाळ्यालेच. तिथं कामी येईन."

शीतलनं भाकर, वांग्याचं भरीत आणि ठेचा पुढ्यात ठेवला. जेवून मी कामाला लागले. मशीन, पंखा, माझा लॅपटॉप, मिळेल ते जोडून तिचा डबा रिकामा केला. ४४० निघाले. संध्याकाळी भरायला घेतले ५७०. शंभरातले सत्त्याहत्तर! माझ्यापेक्षा सहा जास्त. मला घास गोड लागेना.

तिची एक सवय दिसली होती. शिवण संपली की ती डब्याचंच बटण बंद करायची. "याले सोताहून बंद व्हता येत नाई ना ताई, म्हणून मीच करतो." म्हटलं, थांब, बटण चालू राहिलं तर हाही खातच असणार. डबा भरल्यावर प्लग काढून गुपचूप चालू करून ठेवला. निदान एका आकड्यात तरी तिला हरवायचंच होतं.

रविवारी गावात हळद होती. नवरीकडचे तीन ब्लाउज बाकी होते आणि सकाळी नऊला लाइन गेली. शीतलनं डबा लावला. बारा वाजता पहिला ब्लाउज संपवून दुसऱ्याची बाही जोडताना मशीन थांबली. एरवी पुरला असता, माझ्या प्रयोगानं खाल्ला.

"काळजी नको, माझा आहे ना!" मी ऐटीत बॅग उघडली. शून्य. खामगावहून निघताना बटण चालूच राहिलं होतं.

तेवढ्यात नवरीची मावशी दारात. "काऊन वं शीतल, झाले का नाई? चारले हळद हाय."

"होते मावशी, या तुम्ही चारले," शीतल म्हणाली. मग मला म्हणाली, "ताई, चाक फिरवता का हातानं?"

फिरवलं. साडेतीन तास! ती कापड धरायची, मी चाक. दंड भरून आले, पण चारला दोन्ही ब्लाउज तयार झाले. मावशी गेल्यावर मला राहवलं नाही. म्हटलं, "शीतल, काल तुझा डबा मीच चालू ठेवला होता."

"पाह्यलं होतं मी. हिरवा दिवा लागेल होता."

"मग बंद का नाही केलास?"

"तुमचं मोजमाप चालू हाय म्हटलं. खराब कायले करा?"

आता घरी आहे. तिच्यासारखं बटण बंद करत गेले तर माझाही डबा दिवसभर पुरतो, तुम्हीही करून बघा. तिचा डबा तासाला पंधराच खातो, तोही आकडा तिनंच जिंकला. जळफळाट गेला म्हणाल, तर नाही गेला. तीन ब्लाउज डोक्यावर असताना, समोर हिरवा दिवा दिसत असताना, मी बटणाला हात लावल्याशिवाय राहिले नसते. ती राहिली. याचाच आता मला डब्यापेक्षा जास्त हेवा वाटतो.