काकांचं नाव विचारायचं राहिलं

जर्मनीत र्युसेल्सहाइमला मी अॅम्ब्युलन्सवर होतो त्या काळात निम्मं गाव माझ्या हाताखालून गेलं, आणि उरलेलं निम्मं मी येतोय हे ऐकूनच बरं झालं. आलो होतो इंजिनिअर व्हायला. तिथून स्ट्रेचरपाशी कसा घसरलो याच्या माझ्याकडे चार हकिकती आहेत, चारही वेगळ्या, चारही खऱ्या. ही पाचवी मात्र फुगवता येत नाही, कारण हिचा शेवट मलाच ठाऊक नाही.

ती आमच्या कामाची खोडच आहे. माणूस वीस मिनिटं तुमचा हात धरतो, बायकोला न सांगितलेलं तुम्हाला सांगतो. मग इस्पितळाच्या दारात युबरगाबे होते, म्हणजे चार वाक्यांत तुम्ही त्याला डॉक्टरच्या हवाली करता. दार मिटतं. पुढे तो जगला, गेला, की नर्सच्या प्रेमात पडला, कोणी कळवत नाही. तुम्ही चादर बदलता. माझा ड्रायव्हर, दरवाजाएवढा रुंद जर्मन गडी, पाळीभरात तीन शब्द बोलायचा आणि त्यातले दोन ‘जा’ असायचे. घरी खोली, खोलीत हीटर. हीटरला निदान आवाज होता. म्हणून मग मी मनातल्या मनात पेशंटांना शेवट द्यायचो. खुब्याचं हाड मोडलेल्या एका आजीबाईंना तर मी चक्क बोहल्यावर उभं केलं होतं.

एका शनिवारी दुपारी कॉल आला: माइन नदीकाठच्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ छाती धरून बसलेत. जाऊन बघतो तर अंगात दोन मापं मोठं जर्मन जॅकेट आणि डोक्याला माकडटोपी. मी जर्मनमध्ये विचारलं, कुठे दुखतंय. ते पुटपुटले, “आई गं.”

“काका, मी आहे,” मी म्हणालो. जसं काही ते माझीच वाट बघत बसले होते.

त्या गाडीत मराठी शब्द मी तोपर्यंत कधी उच्चारला नव्हता. ऑक्सिजन लावला, सुई टोचली, ईसीजी काढला आणि ती रेघ बघून म्हणालो, किरकोळ आहे. ही त्या दिवसाची पहिली थाप. डॉक्टरांची गाडी दुसऱ्या कॉलवर अडकली होती, आम्ही थेट निघालो. वाटेत काकांनी तुकड्यातुकड्यांत सांगितलं: लेकीकडे आलेत, जावई मोटारींच्या कारखान्यात, घरात कोंडल्यासारखं झालं म्हणून कोणाला न सांगता फिरायला निघाले. खिशात फोन नाही, पासपोर्ट नाही, नुसते भाजलेले शेंगदाणे. उभा जन्म एस.टी. चालवण्यात गेला, हेही सांगितलं. मग त्यांचे डोळे मिटायला लागले.

खरं ऐकताना माणसाला झोप येते, थाप ऐकताना येत नाही, हा माझा अनुभव. म्हणून मी सुरू केलं. देशात असताना मी अशाच गाडीवर होतो (थाप दुसरी), खंबाटकी उतरताना ब्रेक गेले, ड्रायव्हरने बाहेर उडी टाकली, आणि मागचा पेशंट उठला, सलाईनची बाटली दातांत धरली आणि स्टिअरिंगवर जाऊन बसला.

काकांनी एक डोळा उघडला. मास्कच्या आतून आवाज आला, “गिअर कुठला होता?”

“चौथा.”

“गाढव आहे. दुसऱ्यात घालायची.”

“त्याला काय माहीत काका, तो शाळामास्तर होता.”

“मास्तर? मग मेलाच तो.”

आता दोन्ही डोळे उघडे होते. मी त्या मास्तराला वळणावळणातून खाली आणला. प्रत्येक वळणाला काका मला चूक दाखवत होते, आणि प्रत्येक चुकीला त्यांच्या तोंडावर थोडा रंग येत होता, किंवा मला तसं वाटत होतं. शेवटच्या वळणावर समोरून उसाच्या दोन बैलगाड्या, शेजारी शेजारी. आणि आमची गाडी इस्पितळाच्या दारात थांबली.

“मग?” काका म्हणाले.

“शेवट उद्या येऊन सांगतो.” शेवट माझ्याकडे नव्हताच.

त्यांनी माझी बाही धरली. “थापाड्या आहेस. पण ये.”

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, नाव? गिअरपर्यंत सगळं बोलून झालं होतं, नाव तेवढं विचारलं नव्हतं. एकदा काका म्हटल्यावर नाव विचारायचं कुठे उरतं? फॉर्मवर मी माझ्या हाताने लिहिलं: उनबेकांट, अज्ञात.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. गणवेशात गेलं तर नियम ऐकवतील, म्हणून मी शहाणपणा केला: इस्त्रीचा शर्ट घातला आणि पुतण्या म्हणून गेलो. काउंटरवरच्या नर्सने काकांचं नाव विचारलं.

“तुमच्या काकांचं नाव तुम्हाला माहीत नाही?” ती अगदी मायेने म्हणाली, म्हणून जास्त लागलं. मग डाटेनशुट्स, माहितीची गुप्तता वगैरे. आमच्याकडे नाव माहीत नसताना आयुष्यभर पुतण्या राहता येतं, हे सांगण्याइतकं जर्मन मला आजही येत नाही. पुढच्या पाळीला गणवेशात गेलो तेव्हा तिनेच हळूच सांगितलं की काकांना त्याच संध्याकाळी मोठ्या इस्पितळात हलवलं. कुठल्या, ते विचारायला तोंड राहिलं नव्हतं.

पंधरा-सोळा दिवसांनी कामावर गेलो तर आमच्या खोलीतल्या टेबलावर स्टीलचा डबा. रिकामा. ड्रायव्हर मिशी पुसत होता. एक भारतीय बाई देऊन गेली म्हणाला, ‘गोष्ट सांगणाऱ्यासाठी’ म्हणून. म्हणजे काका लेकीशी बोलले होते! मी त्याला खांद्याला धरून विचारलं, आत काय होतं?

“पिवळं. गोल. गोड.” तीन शब्द, आणि त्यात एकही ‘जा’ नाही.

लाडू. मी खुर्चीत बसलो. काका घरी आले असतील म्हणून लाडू. मग दिवस मोजले. तेरा दिवस सरल्यावरही आपल्याकडे गोड करतातच की. ती हसत होती का, विचारलं. तिने काळा गॉगल लावला होता, म्हणाला. डब्याच्या बुडाला टिंबाटिंबांनी एका बाईचं नाव कोरलेलं होतं. नुसतं नाव, आडनाव नाही.

रिकामा डबा परत करू नये म्हणून मी त्यात मूठभर साखर घालून ठेवली, ती बाई मागायला आली तर द्यायला. पुढे मी हॅम्बर्गला राहायला गेलो तेव्हा डबाही बरोबर आला. तिथल्या दमट हवेत साखरेचा दगड झालाय, हलवला की खडखडतो.

खंबाटकीची गोष्ट त्यानंतर मी बऱ्याच जणांना सांगितली, बैलगाड्यांपर्यंत. पुढचा शेवट काकांना कबूल केलेला आहे. मास्तर अजून वळणावर आहे, बाटली दातांत धरून, चौथ्या गिअरमध्ये.