नाईलची भरगच्च ओटी

नाईल नदीची ओटी भरणारं कसबा पेठेतलं आमचं घर बहुधा पहिलंच असावं. पुढे जे घडलं ते पाहता शेवटचंही असावं.

आमच्या इमारतीतले अकरा जण इजिप्तला निघाले, तेव्हा माझ्या हातून एक सत्कृत्य घडलं. मुक्ताच्या, म्हणजे आमच्या लेकीच्या डोहाळजेवणाला बायकांना वाटायला पिशव्या शिवायच्या म्हणून मी खणाचा अख्खा तागा आणला होता. जांभळा, हिरव्या काठाचा. त्यातूनच सहलीच्या अकरा जणांनाही एकेक पिशवी शिवली. सगळ्यांना अगदी सारखी, कारण आमच्या इमारतीत एकीला हिरवी आणि दुसरीला निळी दिली, तर दिवाळीपर्यंत जिन्यात कुणी कुणाशी बोलत नाही!

शिवाय दोन पिशव्या ओटीच्या. एक नाईलची. सासूबाईंचं म्हणणं, "एवढ्या मोठ्या नदीकडे रिकाम्या हाताने जायचं? आपली काही रीत आहे की नाही?" तिच्यात तांदूळ, सुपाऱ्या आणि हळकुंडं. दुसरी मुक्ताची. परतीचं विमान आणि डोहाळजेवण एकाच दिवशी होतं, सकाळी उतरायचं आणि दुपारी तिची ओटी भरायची, म्हणून खारका, बदाम आणि खडीसाखर आधीच भरून, देवापुढे ठेवून बरोबर घेतलं. "ही मुक्ताच उघडेल," सासूबाईंनी बजावलं, "मधे कुणी हात लावायचा नाही."

आता तिसऱ्या मजल्यावरच्या देवधर काकांबद्दल सांगते. काकांनी सहा महिने इजिप्तचा अभ्यास केला होता. दोनशे पानी वही भरली होती. पिरॅमिड बांधणाऱ्यांनी काय चुका केल्या, हेही तिच्यात होतं. विमानात झोपताना काकांनी कवळी आणि चष्मा माझ्या पिशवीत ठेवले. (माझ्या म्हणजे मी त्यांना दिलेल्या. पुढचा सगळा गोंधळ याच वाक्यासारखा आहे.) कैरोला लुक्सरच्या विमानासाठी पुन्हा तपासणी झाली, यंत्राच्या त्या टोकाने तेरा जांभळ्या पिशव्या एकामागून एक बाहेर आल्या, आणि झोपेतून उठलेल्या अकरा पुणेकरांनी हाताला येतील तशा त्या उचलल्या.

लुक्सरच्या प्राचीन देवळात, वाड्याएवढ्या जाड खांबांच्या मधोमध, काकांनी गाइडची पहिली चूक काढण्यासाठी पिशवीची चेन उघडली. आत पाचक गोळ्या.

"अरे, ही तर माझी!" आमचे हे म्हणाले.

मग तीन हजार वर्षांच्या त्या अवशेषांत सगळे जण खाली बसून पिशव्या उपसू लागले. दुसऱ्या देशाचे पर्यटक आमचे फोटो काढू लागले. कुणाची क्रीम, कुणाच्या सुया, कुणाचे मोजे, सगळं ज्याचं त्याला मिळालं. काकांची पिशवी तेवढी नाही.

"त्या दोन उघडून बघू?" मी पर्समधल्या ओटीच्या पिशव्या काढल्या.

"खबरदार!" सासूबाई म्हणाल्या. "देवापुढच्या आहेत. त्यात कवळी जाईल कशी? चालत?"

यांनीही जोरात मान हलवली. "नको, मुक्ताची तर मुळीच उघडू नकोस!" (तीस वर्षांत हे आईच्या आणि माझ्या वादात पहिल्यांदाच बोलले. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.)

काका माझ्याकडे बघून काहीतरी सांगू लागले. पण दातांशिवाय त्यांच्या तोंडून फक्त हवा येत होती. लिहून दाखवा म्हटलं, तर चष्मा नाही! गाइड महमूद मात्र त्या दिवसापासून फार खुलला. मोडक्या हिंदीत तो मनाला येईल त्या राजाला मनाला येईल त्या राणीचा नवरा करत होता आणि काका नुसते हातवारे करत होते.

एवढा धडा मिळाल्यावर यांनी सूत्रं हाती घेतली. "पासपोर्ट तरी एका ठिकाणी ठेवू. माझ्याकडे एक पिशवी रिकामी आहे," असं म्हणून सगळ्यांचे अकरा पासपोर्ट त्यांनी जांभळ्या पिशवीत भरले. ही रिकामी पिशवी आली कुठून, असं मी विचारलंसुद्धा नाही.

अस्वानला आम्ही शिडाच्या होडीत बसलो. नाईल शांत, वारा छान. यांना होडीच्या टोकाला उभं राहून फोटो काढायची हुक्की आली. "धर जरा," म्हणत त्यांनी पासपोर्टची पिशवी माझ्याकडे दिली आणि मी ती पर्समध्ये टाकली. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "दे गं ओटी."

मी दिली.

सासूबाईंनी पिशवी तळहातावर तोलली. "भरगच्च भरलीस हो," त्या म्हणाल्या. लग्नाला तीस वर्षं झाली, सासूबाईंच्या तोंडून माझं हे पहिलं कौतुक! माझे डोळे भरून आले. त्या भरल्या डोळ्यांनी मी पिशवीकडे नीट बघणार तरी कशी?

नशीब एवढंच, की सासूबाई नदीत काही टाकत नाहीत. पुलावरून निर्माल्य फेकणाऱ्या माणसांना थांबवून ऐकवण्यात त्यांची निम्मी हयात गेली आहे. त्यांनी पिशवी पाण्याला फक्त टेकवली, हळदीकुंकू वाहिलं आणि ती नावाड्याच्या, हसनच्या हातात ठेवली. "तुमच्या मिसेसना द्या. सांगावं, पुण्याहून आलीय."

महमूदने भाषांतर केलं. हसनने पिशवी कपाळाला लावली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे बस वाळवंटातून पुढच्या देवळाकडे निघाली. चहूकडे फक्त वाळू. मधेच एका चौकीवर बस थांबली, एक मिशाळ अधिकारी आत आला आणि त्याने पासपोर्ट मागितले. यांनी ऐटीत माझ्याकडे हात केला. मी पर्समधून हाताला लागली ती पिशवी दिली. अधिकाऱ्याने ती तळहातावर उपडी केली. तांदूळ, पाच सुपाऱ्या, दोन हळकुंडं.

त्याने एक हळकुंड उचललं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा हळकुंडाकडे पाहिलं.

"हे काय?" यांनी विचारलं.

"नाईलची ओटी," मी म्हणाले.

"मग काल नाईलला काय दिलंस?"

 बसमध्ये एकदम दहा जण बोलू लागले. परवा सकाळी पुण्यात उतरायचं होतं. माझ्या एकुलत्या एका लेकीचं डोहाळजेवण, आणि तिची आई, आजी आणि वडील वाळवंटात हळकुंडं घेऊन बसलेले! मला रडू फुटलं. काका तावातावाने हवा सोडत होते.

"म्हटलं, भरगच्च कशी," सासूबाई पुटपुटल्या. तीस वर्षांतलं एकमेव कौतुक तिथल्या तिथे परत घेतलं गेलं.

देऊळ राहिलं. बस उलटी फिरली. महमूदने हसनला फोन केला आणि दुपारी आम्ही अकरा जण नदीपलीकडच्या त्याच्या निळ्या घरासमोर उभे राहिलो. हसनच्या बायकोने दार उघडलं. सात महिने तरी झाले असतील, ओढणीआडूनही दिसत होतं. ती आमच्याकडे बघून खुदकन हसली आणि प्रत्येकाकडे बोट दाखवू लागली, जणू फार जुनी ओळख!

ओळख होतीच. समोरच्या फळीवर अकरा पासपोर्ट उघडून ओळीने मांडलेले होते, सगळ्यांचे फोटो दर्शनी. आणि मधोमध सासूबाई.

"ती म्हणते," महमूदने सांगितलं, "आजीने सगळ्या घरची ओळख पाठवली. बाळ होईपर्यंत ठेवणार."

"तिला सांगा, आमचं विमान बाळाच्या आधी आहे," हे कळवळून म्हणाले.

पण सासूबाई पुढे झाल्या. त्यांनी त्या मुलीच्या पोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नदी राहू दे. हिची भर."

मी तिथेच, ओट्यावर, खरी पिशवी तिच्या ओढणीत घातली, कुंकू लावलं. तिने आत जाऊन मूठभर खजूर आणला आणि माझ्या पदरात टाकला. भाषा एकीलाही येत नव्हती, पण रीत दोघींना येत होती. माझी मुक्ता डोळ्यांसमोर आली, आणि मी दुसऱ्यांदा रडले. या वेळी कुणी रागावलं नाही. पासपोर्ट मिळाले होते ना.

तर ठरल्याप्रमाणे आम्ही पोहोचलो. दुपारी डोहाळजेवण. मुक्ता हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत. देवधर काका समोर ताटावर बसून गुरगुट्या भात गिळत होते, नवी कवळी व्हायला अजून अवकाश होता. मी सगळ्या बायकांच्या देखत मुक्ताच्या ओटीत ती जपून आणलेली पिशवी घातली. "उघड गं, नाईलवर जाऊन आलीय!"

मुक्ताने चेन उघडली, हात घातला आणि किंचाळली. तिच्या हातात दात होते.

"बाळाला यायला अजून अवकाश आहे," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

"आणि खारका? बदाम?" मी यांच्याकडे वळले.

"लुक्सरच्या विमानात," हे भिंतीशी सरकत म्हणाले. "मला वाटलं, तू माझ्यासाठी बांधून दिलंस."

देवधर काका उठले. कवळी धुऊन बसवली. पिशवीतून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. दहा दिवसांनी त्यांना वाचा फुटणार होती. अख्खं कार्यालय त्यांच्याकडे बघू लागलं.

"वहिनी," काका म्हणाले, "लुक्सरपासून एकच सांगतोय. पिशव्यांवर नावं घाला!"

मी मान डोलावली आणि मागचं तबक पायानेच हळूच टेबलाखाली सरकवलं. त्यात पाहुण्यांना द्यायच्या चाळीस पिशव्या होत्या. सगळ्या जांभळ्या, हिरव्या काठाच्या.